तुळजाबाईचा ओटा, दर सोमवारी

सोमवारी सकाळी बद्रुन्निसा मणेर फोन तोंडासमोर धरायची आणि ऐकायला कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तशी सावकाश, ठासून बोलायची.

"आज कोळवण. सकाळी दहा ते एक. तुळजाबाईचा ओटा. नवीन माल आला आहे. लग्नाचा चुडा भरायचा असेल तर आदल्या दिवशी कळवा."

फोन ते लिहून काढायचा. ती चष्मा लावून एकदा वाचायची आणि हिरवा दिवा लागल्यासारखी मान हलवून बोट टेकवायची. मग आतून नवऱ्याचा, महंमदचा आवाज यायचा.

"झाली का दवंडी?"

"झाली. गाडी काढा."

महंमद तिला मोपेडवरून पौडच्या जीपथांब्यावर सोडायचा आणि दुकान उघडायला परत फिरायचा. बाजारपेठेतलं त्यांचं बांगड्यांचं दुकान दीड माणूस उभा राहील एवढं. खरा धंदा खोऱ्यातच. सोमवारी कोळवण, बुधवारी चाले, गुरुवारी हाडशी. चाळीस वर्षं हा फेरा ठरलेला. आधी पायी, मग एसटीने, आता जीपने. लाकडी पेटी मात्र तीच.

तिला खोऱ्यातल्या बायका चेहऱ्याआधी हातावरून ओळखू यायच्या. पंजा हातात घेतला, अंगठा आत मुडपला, बोटांची मुळं दाबली, की माप कळायचं. सव्वादोन, दोन-सहा, अडीच. कुणाचं बाळंतपण जड गेलं, कुणाचा हात कामाने सुजलाय, कोण हल्ली कंपनीत पॅकिंगला जाते, हेही तिथेच कळायचं. ती कधी विचारायची नाही. बायकाच सांगायच्या. हात दुसऱ्याच्या ताब्यात असला की बाई बोलते, असा तिचा अनुभव होता. बांगड्या भरून झाल्या की बायका वाकून नमस्कार करायच्या. ती तोंडातल्या तोंडात दुवा म्हणायची आणि वर एक बांगडी जास्तीची चढवायची. त्या एका बांगडीचे पैसे तिने कधी घेतले नाहीत.

ही दवंडी फोनवरच्या ज्या पानावर जायची, ते पान तिला महंमदच्या पुतणीने, उझमाने करून दिलं होतं. उझमा हिंजवडीत कंपनीत होती. एका रविवारी आली आणि म्हणाली, "चाची, तुझी वेबसाइट करू या."

"माझी? मी काय सोन्याची पेढी हाय?"

"अगं, लोकांना कळायला नको का तू कधी कुठे असतेस? नवीन फार्महाउसवाल्या बायका विचारतात मला."

वेबसाइट म्हणजे नाव विकत घ्या, दर वर्षी भरा, बिघडलं की माणूस शोधा. उझमाने ते सगळं टाळलं. तिने चाचीचं खातं एका वेगळ्याच सोशल नेटवर्कवर उघडलं आणि तेच पान वेबसाइट म्हणून वापरायचं ठरवलं. वर नाव, फोन, दुकानाचा पत्ता. त्याखाली कुठल्या वारी कुठलं गाव. त्याखाली रोजची खबर.

"हे कुणा एका मोठ्या कंपनीचं नाही, चाची. लहान लहान घरं आहेत, प्रत्येकाचा मालक वेगळा. पण एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात ऐकू जातं. आणि वाचणाऱ्याला खातं उघडावं लागत नाही. रस्त्यावरून जाताना पाटी वाचावी, तसं."

"आन आपलं घर कुनाचं?"

"पुण्यात इंद्रजित म्हणून एक जण आहेत. ते चालवतात. फुकट."

"फुकट? मग खातो काय?"

"नोकरी करतात गं."

बद्रुन्निसाला हे पटलं नाही. कुणाच्या जागेत फुकट बसायचं तिच्या रीतीत नव्हतं. दिवाळीला तिने उझमाच्या हाती इंद्रजितच्या बायकोसाठी डझनभर बांगड्या धाडल्या, अंदाजाने अडीचच्या. उलट निरोप आला की लग्न झालेलं नाही, पण आईला बरोबर बसल्या.

आता ओट्याचं. पान भरताना उझमा एकेक वार विचारत होती.

"सोमवार?"

"कोळवण."

"कोळवणात कुठं बसतेस?"

"तुळजाबाईचा ओटा."

बद्रुन्निसा तेव्हा मण्यांच्या माळा निवडत होती. चाळीस वर्षांचं उत्तर जिभेवरच होतं, ते निसटलं. उझमाने लिहून टाकलं. तिला काय ठाऊक, तो ओटा वर्षभरापूर्वीच जेसीबीने काढून टाकला होता.

रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रुन्निसाच्या ते ध्यानात आलं. तिने खोडायला बोट नेलं आणि मागे घेतलं.

तुळजाबाई तिच्याच वयाची. दोघी एकाच वर्षी खोऱ्यात नव्या नवऱ्या म्हणून आल्या, एक कोळवणात, एक पौडात. सासूबरोबर पेटी उचलून पहिल्यांदा फेरीला आली तेव्हा बद्रुन्निसाने भरलेला पहिला हात तुळजाचा. घाबरून तिने चार बांगड्या फोडल्या होत्या, आणि तुळजाचं मनगट कापलं होतं. सासू ओरडणार तेवढ्यात तुळजा म्हणाली, "मीच हात वढला, मामी." तेव्हापासून श्रावणातली भवानी तुळजाच्याच हातावर. तिला भरल्याशिवाय पेटीतली दुसरी बांगडी निघायची नाही. दुपारची भाकरीही त्याच ओट्यावर.

मग तुळजाच्या मुलाने, सौरभने, जमीन विकायची काढली. ओढ्याकडचं वावर, त्याला लागून घर, ओटा, सगळंच पुण्याच्या माणसाला एकत्र हवं होतं. तुळजाच्या नवऱ्याने, भिकूने, आधी नाही म्हटलं, मग होय म्हटलं. तुळजा शेवटपर्यंत होय म्हणाली नाही. पण कागदावर तिचंही नाव होतं आणि सही तिलाही करावी लागली.

रजिस्टर ऑफिस पौडातच. ओळख पटवायला साक्षीदार लागतात. एक माणूस कमी पडला तेव्हा भिकू उठून चार दुकानं पलीकडे गेला आणि महंमदला घेऊन आला. महंमद गल्ला उघडा टाकून गेला. भिकूअण्णा बोलावतोय म्हटल्यावर त्याने काय विचारायचं? त्याने सही केली आणि दहा मिनिटांत परत आला.

तुळजा बाहेर आली ती थेट दुकानासमोर. पायरी चढली नाही.

"तुज्या मान्साची सही हाय त्येच्यावर," ती म्हणाली. "तू चार पावलांवर बसलीवतीस. अडवलं न्हाईस."

महंमद कसल्या कागदावर सही करायला गेला होता, हे बद्रुन्निसाला ठाऊकच नव्हतं. ती हे बोलेपर्यंत तुळजा जीपमध्ये बसली होती.

तीन वर्षं झाली त्याला. तुळजाचं बिऱ्हाड नांद्याला गेलं, सौरभच्या ब्लॉकमध्ये. पौडहून मोपेडने पाऊण तास. फोन नंबर बद्रुन्निसाला पाठ होता. तो तिने एकदाही लावला नाही. उचलला नाही तर? आणि उचलला तर बोलायचं काय? कोळवणातल्या बायकाही शहाण्या. बद्रुन्निसाभाभीसमोर तुळजाचं नाव कुणी काढायचं नाही, हे त्यांनी न ठरवता ठरवलं होतं.

म्हणून ती ओळ राहिली. ती फोन नव्हती, की कुणी न उचलण्याची भीती. ती चिठ्ठी नव्हती, की परत येईल. ती नुसती लिहिलेली होती, उघड्यावर.

सुरुवातीला तिने उझमाला विचारलं होतं, "किती जनांनी बगितलं?"

"ते कळत नाही, चाची."

"कुनी बगितलं ते?"

"तेही नाही. कुणी उलट काही लिहिलं तरच कळतं."

"म्हंजी आंधळा कारभार," महंमद म्हणाला होता.

बद्रुन्निसालाही तसंच वाटलं होतं. नंतर वाटेनासं झालं. तुळजाला ती ओळखत होती. भांडण झालं की तुळजा दार लावायची आणि फटीतून बघायची. बघताना कुणी बघितलं तर मेलीच. हे पान बरोबर तसं होतं. फटीतून बघणाऱ्याचं नाव ते सांगत नव्हतं. उझमा नंतर म्हणाली की दुसऱ्या एका ॲपवर ये, तिथे आकडे दिसतात, रील करू. बद्रुन्निसा नको म्हणाली. कारण सांगितलं नाही.

प्रत्यक्षात ती सोमवारी फार्महाउसच्या फाटकाशेजारी, भिंतीला टेकून पेटी उघडायची. तिथेच कुठेतरी ओटा होता. गावातल्या बायकांना माहीत होतं. पहारेकरी भला होता. पहिल्या दिवशी म्हणाला, "माताजी, इधर नहीं बैठने का." तिने विचारलं, "बायको हाय का?" त्याला तेवढं मराठी कळलं. बायको बिहारमध्ये होती. तिने एक डझन लाल बांगड्या कागदात गुंडाळून दिल्या. पुढच्या सोमवारी त्याने स्वतः पाण्याची बाटली आणून ठेवली.

पण यंदा श्रावणाच्या तोंडावर गाड्या येऊ लागल्या. पान वाचून. पिरंगुटकडच्या, भूगावच्या बायका, नागपंचमीला हिरवा चुडा हवा म्हणून. फाटकाशी थांबून हॉर्न वाजवायच्या आणि विचारायच्या, "तुळजाबाईंचा ओटा हाच का?" एक जण तर आत लॉनवर जाऊन पायऱ्यांवर बसून राहिली. घरमालक नेमका त्या दिवशी आलेला होता.

शनिवारी इंद्रजितचा फोन आला. आवाज अपेक्षेपेक्षा तरुण होता.

"काकू, तुमच्या पानाबद्दल तक्रार आलीय. लोक त्यांच्या फाटकावर येतात म्हणतात. खरं आहे का?"

"खरं हाय."

"मग तेवढी जागा बदलून लिहाल का? बाकी काही अडचण नाही."

"न्हाई बदलली तर?"

"तर ती पोस्ट मला काढावी लागेल. मला ते आवडणार नाही, काकू."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळलं. कंपनी असती तर भांडता आलं असतं. ज्याच्या घरात आपण बसतो तोच हात जोडून सांगत असेल तर काय भांडायचं?

"तुमची आई बरी हाय?"

"बरी आहे. तुमच्या बांगड्या अजून घालते."

"सोमवारी बदलते," बद्रुन्निसा म्हणाली.

रविवारभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. महंमदने दोनदा चहा मागितला, दोनदा पाणी मिळालं.

"अगं, शाळेजवळच्या चिंचेखाली बस की," तो म्हणाला. "सावली हाय. मोप जागा हाय."

"सावलीचं न्हाई बोलत मी."

"मग कशाचं? ती वाचती असं वाटतंय तुला? दीड वर्षं झालं. वाचत असती तर एक अक्षर लिवलं नसतं?"

महंमद दाराशी बराच वेळ चपला शोधत राहिला. त्या त्याच्या पायातच होत्या.

"सही माजी व्हती," तो शेवटी म्हणाला. "बोलायचं आसंल तर मला बोलावं तिनं. तू का भोगतीस?"

सोमवारी तिने फोन तोंडासमोर धरला. आवाज ठासून निघाला नाही, दोनदा बोलावं लागलं.

"आज कोळवण. सकाळी दहा ते एक. शाळेजवळची चिंच. नागपंचमीच्या हिरव्या बांगड्या आल्या आहेत."

थांबली. मग म्हणाली, "तुळजाबाईचा ओटा आता नाही."

बोट टेकवलं. कुणाला तरी माती देऊन यावं तसं तिला वाटलं.

चिंचेखाली गर्दी झाली. सातआठ बायका होत्या. गावातल्या बहिरूच्या सुनेचा हात तिच्या मांडीवर होता, तिसरी बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली होती, आणि शेजारी ठेवलेला फोन वाजला.

"बग गं काय हाय," बद्रुन्निसा म्हणाली. तिचे दोन्ही हात गुंतले होते.

सुनेने मोकळ्या हाताने फोन उचलला. वाचलं. मग सगळ्यांकडे बघितलं.

"आरोही म्हनून कोन हाय. लिवलंय, आजी विचारते, ओटा का काढला?"

आरोही सौरभची मुलगी. बारावीला होती.

बद्रुन्निसाने अडलेली बांगडी आधी वर चढवली. काच फुटू द्यायची नाही, हे हातांनी आपलं आपण केलं. मग ती म्हणाली, "लिव. मालकानं काढायला लावला. मी न्हाई काढला."

सुनेने लिहिलं.

"आजून लिव. कधी यिऊ? यंदाचा हिरवा चुडा लई गुणाचा आलाय."

सुनेचं बोट फोनवरच राहिलं. "भाभी," ती हळूच म्हणाली, "चुड्याचं नगं लिवू."

"का? लिव म्हनते ना."

सुनेने बाकीच्या बायकांकडे बघितलं. कुणी नजर दिली नाही. तिने लिहिलं.

उत्तराला उशीर लागला. बद्रुन्निसाने तेवढ्यात दोघींचे हात भरले. एकीला डावीकडे सहाच्या जागी सात भरल्या. फोन पुन्हा वाजला तेव्हा तिने तो स्वतः घेतला, चष्मा लावला.

'आजी म्हणते, ये. पण चुडा नको आणू.'

तिने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"भिकूअण्णा कधी गेला?"

"माघात," एक म्हातारी म्हणाली. "आमाला वाटलं तुला ठावं आसंल. आन तुज्याम्होरं त्या घराचं नाव कोन काढनार, भाभी?"

परतीच्या जीपमध्ये ती खिडकीशी बसली आणि आपलंच पान मागे मागे सरकवत गेली. आषाढ, जेठ, चैत. माघापाशी थांबली. बुधवार, चाले. 'हिरव्या काचेच्या बांगड्या, नवीन नक्षी. सवाष्णींसाठी खास.' सोबत फोटो. त्याच्या पुढच्या सोमवारी, कोळवण, तुळजाबाईचा ओटा, 'हिरवा रेशमी चुडा, चकाकी जाणार नाही.' त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा. ती पोर हे सगळं आजीला वाचून दाखवत असेल. आणि आजी मोकळे हात मांडीवर ठेवून ऐकत असेल.

शेजारच्या बाईने विचारलं, "भाभी, मळमळतंय का?"

"व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून दोघं नांद्याला निघाली. लवळ्याच्या पुढे रस्त्याच्या एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला टॉवर. सोसायटीच्या फाटकाशी महंमदने गाडी बंद केली आणि हँडल धरून उभा राहिला.

"मी हितंच थांबतो."

"थांबा."

नवव्या मजल्यावर आरोहीने दार उघडलं. आतल्या खोलीत खिडकीपाशी तुळजा पलंगावर बसली होती. अंगाने निम्मी झाली होती. बद्रुन्निसाने आधी तिच्या हातांकडे बघितलं. नाही बघायचं म्हणून ठरवून आली होती.

"बस," तुळजा म्हणाली. "लई दिसांनी सवड झाली."

"मला कुनी सांगितलं न्हाई गं."

"मीच घरच्यांना सांगू नगा म्हनले."

"का?"

तुळजा खिडकीकडे बघत राहिली. "कळलं असतं तर तू घाबरून लिवायची बंद झाली असतीस. मग मला कोळवण कुनी वाचून दाखवायचं? ही रोज शाळेत जायच्या आदी वाचती. तुजी जीप चुकली, हाडशीला पानी भरलं, चाल्याच्या जत्रंत मनी संपलं, समदं ठावं हाय मला."

"आन हिरव्या बांगड्या?"

"त्याबी ऐकल्या," तुळजा म्हणाली. "तुजा धंदा हाय तो. तू काय करनार?"

बद्रुन्निसाला पदर तोंडाला लावावा लागला. तुळजाने तिला रडू दिलं. थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही.

"दीड वर्षं वाचत व्हतीस. एक अक्षर लिवायचं."

"ओटा व्हता तवर मी तिथंच हाय असं वाटायचं. काल तू न्हाई म्हनलीस. मग बोलावंच लागलं." तिने दाराकडे मान केली. "एकलीच आलीस?"

"खाली हायेत ते. गाडीपाशी."

"वर बोलाव. सही करून दमला आसंल अजून."

आरोही हसली आणि आजीचा चेहरा बघून गप्प झाली. मग तुळजाही गालात हसली. आरोही त्याला बोलवायला खाली गेली.

खोलीत दोघीच राहिल्या. खाली कुठेतरी काँक्रीट ओतायचा आवाज चालू होता.

"ओढ्याकडच्या वावरात यंदा काय हाय?" तुळजाने विचारलं.

बद्रुन्निसाने खोटं बोलायचा विचार केला. मग म्हणाली, "गवत."

"कसलं गवत?"

"शोभंचं. पाइपनं पानी घालत्यात."

"भर पावसाळ्यात?"

"व्हय."

तुळजाने ते नीट मनात बसवून घेतलं. "म्हशींना तरी सोडायचं त्येच्यात," ती म्हणाली. मग मांडीवरची चादर पुन्हा पुन्हा सारखी करू लागली.

बद्रुन्निसा पलंगावर सरकून बसली. काय करावं हे तिला सुचेना, तेव्हा हातांनी त्यांना येत होतं ते केलं. तुळजाचा पंजा ओढून घेतला, अंगठा आत मुडपला, बोटांची मुळं दाबली. दोन-सहाचा हात होता हा. आता सव्वादोनही सैल झाली असती.

"काय मापतीस?" तुळजा म्हणाली.

"काय न्हाई."

"मग सोड की."

"सोडते," बद्रुन्निसा म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.